रूथआत्या खाली बसली नाही

लॉरेन्सकाकांचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. "ती बोलत नाहीये गं," काका म्हणाले. "मी हाक मारतोय, पण रूथ बोलतच नाहीये..." मला तेवढं पुरलं. माझी आत्या न बोलता राहते म्हणजे काय झालं असेल, हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रिक्षाने अंबरनाथला बुवापाड्यात पोहोचले तोवर तिला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं आणि तिथे पोहोचले तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळत होतं, बरेच दिवस, हळूहळू. आज काही आठवडे झाले, पण भेटायला येणारे 'देवाने बोलावलं' म्हणतात तेव्हा माझा संताप होतो. देवाने नाही बोलावलं. तिला मारलं. तिच्या डोक्यात बांबू घातला गेला तेव्हा मी त्या खोलीत होते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. आमचं घर नगरकडचं, जुनं प्रोटेस्टंट. आजोबा इथल्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच होते. वडील युनियनमध्ये गेले आणि उपासनेपासून सुटले, त्यामुळे आमच्या कुळगावच्या घरात पलंगाखाली दोन गठ्ठे असायचे, एक वडिलांच्या संपाच्या पत्रकांचा आणि दुसरा आत्याने आणून ठेवलेल्या सुवार्तेच्या पत्रकांचा. मी दोन्ही वाचत वाढले. उपासनेला मी जात नाही, आणि हे आत्याला ठाऊक होतं. ती म्हणायची, "नको येऊस. पण मी काय मानते ते नीट ऐकून घे, मग नाही म्हण. न ऐकता नाही म्हणणारे मला आवडत नाहीत."

ती आनंदनगरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. तिथेच तिला लॉरेन्सकाका भेटले, मशीन दुरुस्त करणारे, वसईकडचे कॅथलिक. आजोबांच्या लेखी कॅथलिक म्हणजे 'रोमी', मूर्तींपुढे मेणबत्त्या लावणारे. तिने लग्नाचं सांगितलं त्या संध्याकाळी आजोबांनी कमरेचा पट्टा काढला. माझे वडील तेव्हा कॉलेजात होते. पुढचं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे, की मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. आत्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मारा बाबा. पण आधी सांगा, त्यांचा येशू दुसऱ्या कुठल्या बाईच्या पोटी जन्मला का?" पट्टा बसला. "त्याला वेगळ्या खांबावर ठोकला का?" पुन्हा पट्टा. "तिसऱ्याऐवजी चौथ्या दिवशी उठला का? आपल्या पापांसाठी एक मेला आणि त्यांच्या पापांसाठी दुसरा?" आजोबांचा हात दुखला तेव्हाच ते थांबले. तिच्या भुवईवर बक्कल लागलं होतं. ती तशीच, रक्त पदराने दाबत, काकांच्या खोलीवर गेली. तिकडेही स्वागत झालं असं नाही. काकांच्या आईने 'बाटगी' म्हणून उंबऱ्यात अडवलं. एकाच देवाच्या नावाने दोन्हीकडून मार खाल्लेली माणसं म्हणजे आमचे आत्या-काका.

तिने मात्र दोन्ही घरं सोडली नाहीत, उलट पुढे त्यात तिसरं जोडलं. शनिवारी काकांबरोबर त्यांच्या चर्चमध्ये मिसाला, रविवारी आमच्या मंडळीत, आणि शुक्रवारी पास्टर गोविंदच्या खोलीत. गोविंद उल्हासनगरचा सिंधी, दिवसा जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. बुवापाड्यात त्याने भाड्याच्या खोलीत प्रार्थना सुरू केली होती. टाळ्या वाजवून, मोठ्याने, रडत प्रार्थना करणाऱ्या या लोकांना आमच्याकडे 'हालेलुयावाले' म्हणतात, आणि म्हणताना नाक मुरडतात. मी आत्याला चिडवायचे, "तू ट्रिपल सिम आहेस." ती म्हणायची, "नेटवर्क एकच आहे गं, कंपन्या भांडतात."

तिची एकच तक्रार होती. जुन्या चर्चमध्ये, कॅथलिक असो की प्रोटेस्टंट, सगळे एका ठरावीक वेळी उभे राहतात आणि आपण काय मानतो ते एका सुरात सांगतात. निर्माण करणारा पिता, माणूस होऊन आलेला पुत्र, त्याचा वधस्तंभ, त्याचं उठणं, त्याचं परत येणं, पवित्र आत्मा, पापांची क्षमा, मेलेल्यांचं उठणं. याला विश्वासांगीकार म्हणतात आणि तो बसून म्हणत नाहीत. गोविंदकडे हे नव्हतं. "आंटी, हमारे यहाँ ये रटा हुआ नहीं चलता," तो म्हणाला, "आत्मा जो बुलवाए वो बोलते हैं."

"आत्म्याला पाठांतराची अ‍ॅलर्जी आहे का रे? तू जे रडून सांगतोस तेच यात आहे. उद्या कोणी विचारलं तुम्ही कोण, तर काय सांगशील? टाळ्या वाजवून दाखवशील?"

गोविंद हसला आणि हरला. त्या खोलीत दर शुक्रवारी सगळे उभे राहू लागले.

एका शुक्रवारी ते तसेच उभे होते तेव्हा बांबू घेतलेला जमाव आत शिरला. मी आत्याला कुळगावला घेऊन जायला आले होते, दाराशी चपलांजवळ थांबले होते. पहिल्याने मला ढकललं, मी शेगडीवर आदळले. ढोलकी फुटली. गोविंदच्या कानावर कोणीतरी खुर्ची घातली. बायका लेकरांवर ओणव्या झाल्या आणि त्यांच्या पाठींवर लाथा पडल्या. "खाली बसा! सगळे खाली बसा!" सगळे बसले. एक आत्या उभी राहिली, गुडघे दुखत असूनही, डोळे मिटून पुढचे शब्द म्हणत.

"ए म्हातारे, बस खाली! तांदळाच्या गोणीसाठी देव बदलला काय गं?"

आमच्या घरात हा देव माझ्या खापरपणजोबांपासून आहे. ती हे सांगू शकली असती. तिने उत्तर दिलं नाही, कारण ती मध्यावर होती आणि ते मध्ये तोडत नाहीत. बांबू आधी खांद्यावर पडला, गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा डोक्यावर. मी त्या माणसाच्या मनगटाला चावले, रक्त येईपर्यंत चावले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. आत्याने शेवटपर्यंत म्हटलं, आमेन म्हटलं, मग खाली पडली.

मारणारे निघून गेले आणि गोविंदला पोलीस घेऊन गेले, तो लोकांना बाटवतो अशी तक्रार मारणाऱ्यांनीच दिली होती म्हणून. पण मला खरी लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. आमच्या मंडळीचे पंच सोनवणे मास्तर, निवृत्त शिक्षक, आजोबांचे विद्यार्थी, दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन लिहून देऊन आले, की त्या गटाशी आमचा संबंध नाही. त्यांना वाटलं, आपण वेगळे आहोत असं सांगितलं की आपण वाचू. आत्या हात गळ्यात बांधून जबाब द्यायला गेली, तेव्हा अधिकारी म्हणाले, "बाई, तुमचेच लोक म्हणतात हा तुमचा नाही. मग हा कोणाचा?"

ती तिथून थेट माझ्याकडे छापखान्यात आली. मी पत्रक लिहूनच ठेवलं होतं, जळजळीत. तिने वाचलं. "छान आहे. पण फार ओरडतं. लिही, मी सांगते." आणि तिने सांगितलं: एक देव, पिता, पुत्र, पवित्र आत्मा. बाप्तिस्मा देताना पाण्यात बुडवा नाहीतर कपाळावर शिंपडा, नाव तिघांचंच. येशू देव आणि माणूसही. मेला, पुरला, उठला, येणार. आणि शेवटी एक ओळ: हे मानणारा गोविंद आमचा भाऊ आहे.

रविवारी ती चर्चच्या फाटकात पत्रकं वाटत उभी राहिली. मास्तरांनी तिच्यासमोर पत्रक फाडलं. "रूथबाई, तुमच्या हट्टापायी उद्या आमच्या दारात येतील."

"येऊ देत ना. माझ्या दारात येऊन गेले. तुमचा नंबर चुकवायला मी गोविंदला पुढे करू?"

आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकांनी, त्या पत्रकावर सही केली. काकांच्या फादरनीही केली. मास्तरांनी केली नाही. त्या दोन सह्यांचं पत्रक कोर्टात दाखवलं तेव्हा गोविंदला जामीन मिळाला. तो बाहेर आला तेव्हा डाव्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं. आत्याने डोकेदुखी सगळ्यांपासून लपवली, खांदा दुखतो एवढंच सांगत राहिली... आणि मग काकांचा तो फोन.

दफनाच्या वेळी पाळकांची प्रार्थना झाली, फादरची झाली. गोविंद मूठभर माती घेऊन पुढे आला तसे मास्तर आडवे झाले. "झालं तेवढं पुरे. आणखी तमाशा नको." मास्तरांच्या पुतण्याने गोविंदला छातीवर रेटलं आणि तो उकरलेल्या मातीच्या ढिगावर उताणा पडला. शवपेटी अजून दोरांवर होती, ती एका बाजूला कलली.

लॉरेन्सकाकांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्यांनी मास्तरांच्या शर्टाची कॉलर धरली. "सोनवणे, बांबू मारताना त्यांनी विचारलं होतं का, ही रोमी की प्रोटेस्टंट की हालेलुयावाली? त्यांना आपण सगळे एकच दिसलो. तुम्हालाच दिसत नाही." मग कॉलर सोडली, गोविंदला उठवलं, त्याची मूठ पुन्हा मातीने भरली. गोविंदने रडत, मोठ्याने, त्याच्या पद्धतीने प्रार्थना केली. ती संपायच्या आधी मास्तर फाटकाबाहेर गेलेले होते.

गोविंदला आता कोणी खोली भाड्याने देत नाही. काकांनी आपल्या घरातला पलंग बाहेर काढला आणि शुक्रवारची प्रार्थना तिथे घेतली. मी गेले. तिथल्या भिंतीवर काकांचा ख्रिस्ताची मूर्ती असलेला क्रूस आहे आणि शेजारी आत्याचा मूर्ती नसलेला, साधा लाकडी. लग्नानंतर कोणता लावायचा यावरून दोघे भांडले होते, मग आत्याने दोन्ही शेजारी शेजारी ठोकले. तिचा जरा तिरका बसलाय, काका तो सरळ करत नाहीत.

गाणं सुरू झालं आणि दारात सोनवणे मास्तर दिसले. "सलाम," आमच्या मंडळीतला नमस्कार, एवढंच म्हणाले. गोविंदने पुढे जागा दाखवली, पण ते उंबऱ्याजवळ बसले, बाहेरून येणाऱ्याची पहिली लाथ जिथे बसेल तिथे. थोड्याच वेळात पत्र्यावर दगड पडला. गाणं थांबलं. लेकरं आयांना बिलगली. गोविंदची बायको घाईने उठली, "दार लावू का?"

"राहू दे उघडं," मास्तर म्हणाले. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "मी बसलोय ना इथे. म्हणा तुम्ही पुढे."