महूच्या माळावर शिकवलेला एक शब्द

राज्य नवं होतं, भोपाळची राजधानीही नवी, आणि माझं कामही नवं. फौजेच्या इंजिनियर पलटणीतून निवृत्त होऊन मी इंदूरला घरी परतलो, आणि थोड्याच दिवसांत बोलावणं आलं. पोलिसांच्या जवानांना बॉम्ब दूर करायची साधनं सांभाळून वापरायला शिकवायचं होतं. जागा महूची, छावणीबाहेरचा मोकळा माळ. सकाळी स्नेहलतागंजातल्या घरून स्टेशनापर्यंत चालत जायचो आणि महूची गाडी पकडायचो.

जवान राज्याच्या पार चारी कोपऱ्यांतून आले होते. कुणी भिंडचा, कुणी रीव्याचा, कुणी झाबुआकडचा. रायपूरकडचा एक उंचापुरा गडी तर इतका लाजाळू की दिवसभर फक्त मान हलवायचा. सगळे हिंदी बोलत, पण प्रत्येकाची हिंदी निराळी. माझी तर अर्धी मराठीच.

साधन साधं होतं: लांब दोर, हुक आणि कप्प्या. संशयाची वस्तू हाताने उचलायची नाही. एकाने जाऊन हुक अडकवायचा, परत येऊन वाळूच्या पोत्यांमागे बसायचं, आणि मगच दुसऱ्याने दोर ओढायचा. सरावासाठी मी पत्र्याच्या डब्यात बॅटरी आणि घंटी बसवली होती. धक्का लागला की घंटी वाजायची. वाजली की समजायचं, आपण गेलो.

पहिल्याच दिवशी गडबड झाली. रीव्याचा जवान हुक लावून परत येत होता आणि इकडे भिंडच्याने दोर ताणायला घेतला. मी ओरडलो, "अभी खींचना मत!" वारा असा होता की त्याच्या कानावर फक्त 'खींचना' पडलं. त्याने दिला जोरात हिसका! घंटी खणखणली, रीव्याचा दचकून जागीच उडाला, आणि माझ्या पोटातून आलं, "अरे थांब!"

सगळे पुतळ्यासारखे उभे राहिले. भिंडच्याने दबक्या आवाजात विचारलं, "उस्ताद, ये थांब क्या होता है?"

"वही, जो तू अभी कर रहा है."

मग तोच हुकूम ठरला. छोटा शब्द, त्यांच्या कुठल्याच बोलीतल्या शब्दाशी न घोटाळणारा. कुणीही, कुणालाही म्हणायचा. ऐकणाऱ्याने आधी थिजायचं, कारण नंतर विचारायचं. पोरांना त्याची भलतीच मजा वाटली. मेसमध्ये कुणी भाजीची वाटी स्वतःकडे ओढली, की पंगतभर आरोळी उठायची, "थांब!"

शेवटच्या दिवशी परीक्षा घ्यायला भोपाळहून मोठे साहेब आले. कडक इस्त्री, चेहराही तसाच. डबा एका मोडक्या बैलगाडीखाली ठेवला होता. भिंडच्याच्या हातात दोर आणि रायपूरच्याचं काम माळावर नजर ठेवायचं. दोर हळूहळू ताणला गेला, डबा सरकू लागला. साहेबांना पोत्यांमागून नीट दिसेना. ते उठले आणि सरळ पोतं ओलांडायला निघाले.

"थांब!"

आवाज रायपूरच्याचा होता. एवढा मोठा आवाज त्या माणसात आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दोर थबकला, मी थबकलो, आणि साहेबही एक पाय हवेत धरून थबकले.

"ये क्या बोला?" ते ओठ न हलवताच म्हणाले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात रायपूरचाच म्हणाला, "साहब, पीछे आ जाइए. तब रस्सी चलेगी."

साहेबांनी मुकाट्याने पाय मागे घेतला आणि बसले. दोर पुन्हा हलला. चाकोरीच्या खड्ड्यातून डबा डुलत डुलत बाहेर आला, पण घंटी वाजली नाही.

मग साहेबांनी त्याला पुढे बोलावलं. "मैं कौन हूँ, पता है?"

"पता है साहब. इसीलिए ज़ोर से बोला."

आणि साहेब असे हसले की त्यांना टोपी काढून डोळे पुसावे लागले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. म्हणाले, मला ओढून बघू दे. पहिल्याच ओढीला घंटी. "फिर से!" पुन्हा घंटी. चहा गार झाला तरी साहेब दोर सोडीनात. अखेर डबा बिनबोभाट आला, तेव्हा ते लहान पोरासारखे टाळ्या पिटत उठले. इस्त्री पार धुळीला मिळाली होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती हसता हसता पोळी लाटायची विसरली. म्हणाली, "अहो, त्या रायपूरच्याला उद्या जेवायला घेऊनच या."

तो आला. तो पुन्हा मूग गिळून बसणार हे मी धरूनच चाललो होतो, आणि बसलाही तसाच. पुरणपोळीवर तूप वाढलं की नुसती मान डोलवायचा. निघताना मात्र दारात घुटमळला. गावी आईला सांगायचं होतं म्हणून त्याने पदार्थाचं नाव बायकोला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि ते पुटपुटत पायऱ्या उतरून गेला.