काळ्या पडद्याचा फोन

ओदेलूला कुणी आंधळा म्हणून हाक मारली की माझं डोकं फिरतं. दिसत नाही त्याला, लहानपणी गोवरात डोळे गेले, ते खरं. म्हणून काय माणसाचं नावच पुसून टाकायचं? कोरुट्लाच्या बसस्टँडबाहेर माझा मिर्ची भज्यांचा गाडा आहे आणि गाड्याला लागूनच त्याची पिवळी टपरी. अपंगांच्या योजनेतून त्याला टेलिफोनचं बूथ मिळालं होतं. तेव्हा अर्धं गाव मस्कत-दुबईला आणि उरलेलं अर्धं त्याच्या टपरीपुढं रांगेत. बायका नवऱ्यांशी बोलायच्या, भांडायच्या, हमसून रडायच्या, आणि हा त्यांच्याकडे पाठ करून बसायचा. कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळं त्याला ठाऊक. पण मी इतकी भजी चारली मेल्याला, एक अक्षर कधी बाहेर काढलं नाही.

मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि बूथ बसलं. ओदेलू रिचार्ज विकायला लागला. त्याचा स्वतःचा फोन बोलका. पडद्यावर बोट फिरवलं की तिथं जे असेल ते वाचून दाखवणारा, तेही इतक्या घाईनं की दुसऱ्याला नुसती कटकट ऐकू यावी.

"हळू लाव की जरा," मी म्हणायचे.

"अक्का, तू भजी एकेक करून तळतेस का?" तो म्हणायचा.

एकदा एका कंडक्टरचा फोन बसच्या पायरीवरून पडला. पडदा काळाठिक्कर, पण आतली रिंग वाजत होती. ओदेलूनं बाजूची दोन्ही बटणं दाबून धरली, तो फोनही बोलायला लागला, आणि यानं चाचपत चाचपत हवा तो नंबर काढून दिला. त्यात नवल कसलं, त्याला सगळेच फोन काळे. तेव्हापासून फुटके फोन त्याच्याकडं यायला लागले. कुणाला लेकीच्या लग्नाचे फोटो हवे असत, कुणाला मेलेल्या आईचा आवाज. आत जे असेल ते तसंच सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हा त्याचा नेम. लोक त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या बहिणीचा, स्वरूपाचा नवरा मस्कतला वारला. तिरुपती त्याचं नाव. कामगारांच्या इमारतीच्या गच्चीवरून खाली पडला. पाय घसरला की आपणहून उडी घेतली, कुणी सांगेना. कागदावर अपघात लिहिलं होतं. प्रेताच्या पेटीबरोबर त्याचे चार कपडे आले आणि खिशातला फोन, काचेच्या चिंधड्या झालेला.

दिवस-कार्य उरकल्यावर स्वरूपा तो फोन घेऊन टपरीवर आली. विड्या वळून बोटं पिवळी पडलेली, चेहऱ्यावर रया नाही.

"अन्ना, तो घरी येतो म्हणत होता," ती म्हणाली. "उन्हात काम झेपत नाही, येतो म्हणाला. मला राग आला. आवाज भरून पाठवला मी त्याला. म्हटलं, इथं येऊन काय करणार, कुणाला तोंड दाखवणार, मर तिकडंच. मग माझंच मन मला खाऊ लागलं. सकाळी दुसरा पाठवला. म्हटलं, ये बाबा, अर्धी भाकर खाऊ पण एकत्र राहू. त्याच दुपारी बातमी आली. मला एवढंच सांग. दुसरा त्यानं ऐकला का?"

तिच्या फोनवरूनही हे कळलं असतं. पण बातमी आली तेव्हा तिनं तो पाट्यावर आपटून फोडला आणि तुकडे उकिरड्यावर फेकले होते.

ओदेलूनं फुटक्या काचेवर चिकटपट्टी लावली, बोट कापू नये म्हणून. स्वरूपानं चार आकडे सांगितले, फोन उघडला आणि कटकट सुरू झाली. इतकी वर्षं शेजारी बसून माझा कान त्या बोलण्याला सरावलाय, हे मी ओदेलूला कधी सांगितलं नव्हतं. झारा हातात तसाच धरून मी ऐकत राहिले. स्वरूपा, आवाजी संदेश, ऐकलेला. स्वरूपा, आवाजी संदेश, न ऐकलेला.

ओदेलूचं बोट थांबलं. त्यानं परत फिरवलं. परत तेच.

"ऐकलाय," तो म्हणाला. "दोन्ही ऐकलेत गं. म्हणजे पायच घसरला त्याचा. तू बोलावलंस ते ऐकून गेला तो."

स्वरूपा टपरीच्या फळीवर डोकं टेकून रडली. पेटी आली तेव्हासुद्धा ती रडली नव्हती. मग म्हणाली, "वाजव ना. शेवटचं काय ऐकलं त्यानं, ते मला ऐकू दे." ओदेलूनं वाजवला. ये बाबा, ये बाबा, तिचाच आवाज. फोन पदरात गुंडाळून ती घरी गेली.

ती वळणाआड गेल्यावर मी म्हटलं, "का रे, आजच नेम मोडलास?"

तो दचकला. मला कळतं हे त्याला तेव्हा कळलं. "बहीण आहे ती, अक्का," म्हणाला. "काय सांगायचं होतं? 'मर तिकडंच' ऐकून गेला म्हणून सांगू?"

मीही तेच केलं असतं.

पावसाळा सरता सरता स्वरूपाची सासू गाड्यावर आली. म्हणाली, सून विडीच्या सुपाला हात लावत नाही, पोरीची वेणी घालत नाही, जरा समजवा. मी गाडा बंद केला, ओदेलूचा हात धरला आणि गेले. स्वरूपा उंबऱ्याशी बसली होती, फोन मांडीवर.

"त्याच्या खोलीतल्या माणसाचा फोन आला होता अन्ना, सासूच्या फोनवर," ती म्हणाली. "गच्चीचा कठडा छातीएवढा आहे म्हणे. पाय कसा घसरेल? म्हणजे मी हात जोडून ये म्हटलं, ते त्यानं ऐकलं. आणि तरी गेला. ऐकला नसता तर मी म्हटलं असतं, माझ्या रागानं गेला, पण ऐकलं असतं तर आला असता. आता काय म्हणू? मी बोलावूनही त्याला माझ्याकडं यायचं नव्हतं."

ओदेलू तिच्यापुढं उंबऱ्याशी बसला. "नव्हता ऐकला. दुसरा नव्हता ऐकला त्यानं. मी खोटं सांगितलं तुला."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. लहान पोराकडं बघावं तसं. "तू कधी फोनातलं खोटं सांगत नाहीस अन्ना. मला बरं वाटावं म्हणून आज सांगतोयस."

"अगं, मी पण ऐकलं होतं," मी म्हटलं. "माझ्या या कानांनी."

"राजव्वक्का, तुम्हाला त्या फोनचं बोलणं कधीपासून कळायला लागलं? दोघं ठरवून आलात ना?"

ओदेलूनं तिच्या मांडीवरून फोन ओढून घेतला. तिला स्वतःला कळावं म्हणून त्यानं बोलण्याचा वेग अगदी कमी केला, इतका कमी मी कधीच ऐकला नव्हता. मग चिकटपट्टीवरून बोट सरकवत त्या जागी नेलं. फोन एकेक शब्द सुटा करून बोलला. स्वरूपा. आवाजी संदेश. ऐकलेला.

त्या दिवशी टपरीवर त्यानंच तो दुसरा संदेश वाजवला होता, तेव्हाच तो ऐकलेला झाला. ओदेलू पुन्हा पुन्हा बोट त्याच जागी टेकवत राहिला आणि फोन पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला.

स्वरूपानं हळूच त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "राहू दे आता, अन्ना," ती म्हणाली. "भात झालाय. दोघं जेवून जा."