एका मताची बुरुलकान

बुरुलकान-एजेला खासदार व्हायचं नव्हतं हो! तिला फक्त तो माणूस स्वयंपाकघरातून बाहेर घालवायचा होता. निवडणुकीच्या आधी पक्षाचा कुणी एक कार्यकर्ता डोंगरात आला, कोक-झारच्या प्रसूतिगृहात गरम सूप प्यायला बसला आणि म्हणाला, "आमच्या यादीत डोंगरातली एक बाई कमी पडतेय. कर ना सही, एजे." सगळा तालुका तिला एजेच म्हणतो, म्हणजे ताई, मग हा तरी काय वेगळं म्हणणार? तिचे हात कणकेत, चुलीवर बाळंतिणींचं सूप उतू चाललेलं. तिने हात न पुसताच सही ठोकली आणि त्याला दार दाखवलं.

आमच्याकडे मत माणसाला नाही, पक्षाला द्यायचं. मग पक्षाच्या यादीतली वरची नावं सभागृहात जातात, आणि त्यातला कुणी गळला की खालचा वर सरकतो. बुरुलकानचं नाव अगदी तळाला. तिथवर कोण पोचतंय? पण माणसं गळायला लागली की हो! एक राजदूत झाला. एक तुरुंगात गेला. एक दात काढायला परदेशी गेला, तो दातांसकट तिकडेच राहिला. दोघांनी एकमेकांवर खटले भरले आणि न्यायाधीशाने दोघांनाही घरी बसवलं. असं करता करता एका सकाळी राजधानीतून फोन आला, "अभिनंदन! आपण खासदार झालात."

"भाऊ, विजेचं बिल आम्ही भरलंय," म्हणून बुरुलकानने फोन ठेवून दिला.

तिचा जन्म त्या प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेला होता. तालुक्यातल्या निम्म्या आयांनी बाळंतपणानंतरचा पहिला घास तिच्या हातचा खाल्लेला. वाडग्यात सूप ठेवून उठायची कुणाची छाती नव्हती, "पोराला काय वारा पाजणार आहेस?" असं ती सगळ्यांदेखत विचारायची. तिची स्वतःची मुलगी नुरझातही तिथेच झाली. नवरा असिलबेक घोडे राखतो. तो म्हणाला, "जा गं, तिथल्या लोकांनाही जरा वळण लाव." तशी ती निळं मखमली जाकीट घालून, डोक्याला रुमाल बांधून सभागृहात जाऊन बसली आणि कित्येक महिने नुसती बसूनच राहिली. काय चाललंय ते कळेना म्हणून नव्हे. कळत होतं, म्हणूनच तोंड उघडवत नव्हतं.

मग तो कायदा आला. छोटे दवाखाने बंद करायचे. कोक-झारला जन्म कमी होतात, तेव्हा तिथल्या बायकांनी खिंड ओलांडून शहरात बाळंत व्हावं, असं मंत्र्यांचं म्हणणं. बुरुलकानने ती खिंड पाहिली होती. गेल्या हिवाळ्यात दुरुस्तीसाठी प्रसूतिगृह बंद होतं, तेव्हा शेजारच्या आयसुलूला ट्रकमधून खिंडीपलीकडे न्यायला निघाले होते. बुरुलकान सूपाचा डबा मांडीवर घेऊन सोबत होती. ट्रक बर्फात रुतला. पोर ट्रकमध्येच झालं आणि रडलं नाही. ते सूप कुणीच प्यायलं नाही. आणि आता नुरझातचे दिवस भरत आलेले, मूल पोटात पायाळू, आणि खिंडीत पहिला बर्फ पडून गेलेला!

म्हणून तिने त्या कायद्यात आयुष्यातली पहिली दुरुस्ती मांडली. एकच ओळ होती. कोक-झारचं प्रसूतिगृह बंद करू नये. ती मतदानाला यायची होती त्या दिवशी एजे सकाळीच, सगळ्यांच्या आधी सभागृहात येऊन बसली.

आता त्या दिवशीचं कामकाज ऐका. सुरुवातीला एकाने विचारलं की सभागृहात काल्पाक, म्हणजे आपली उंच पांढरी टोपी, घालून बसलेल्याच्या मागच्या सदस्याला सभापती दिसत नाहीत, तेव्हा टोपीची उंची कायद्याने ठरवावी का? झालं! टोपी म्हणजे बापजाद्यांची अब्रू. "अब्रूची उंची मोजणारा तू कोण?" म्हणून एक जण उठला. दुसरा म्हणाला, "अब्रू वाढवा, पण मला समोरचा मतांचा फळा दिसू द्या." शेवटी असं ठरलं की टोपी तशीच राहील, मागच्या रांगेला उशा मिळतील. उशांसाठी समिती नेमली. मग दुसरा विषय निघाला. मागे नेमलेल्या एका समितीचं पुढे काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचे सदस्य कोण, हेही आठवेना. तेव्हा हरवलेली समिती शोधायला नवी समिती नेमली, आणि त्यातल्या दोघांनी दबक्या आवाजात सांगितलं की बहुतेक जुन्या समितीतही आम्हीच होतो.

बुरुलकान शेजारच्या ओस्मोनकुलकडे वळली. ओस्मोनकुल म्हणजे तिच्याच पक्षाचा प्रतोद. एरवी टायरचा व्यापारी, आणि अंगानेही टायरच.

"अहो, माझा विषय कधी?"

"जेवणानंतर. आणि एजे, नीट ऐक, वरून सांगणं आहे. लाल बटण दाबायचं."

"माझ्याच दुरुस्तीवर? मीच लाल?"

"पक्षाची शिस्त असते बाई. तू मांडलीस, तुझं समाधान झालं. आता पाड."

"ओस्मोनकुल, तू कुठे जन्मलास रे?"

"मी? कोक-झारलाच की. आई तिकडचीच ना."

"मग तुझ्या आईने माझ्या सासूच्या हातचं सूप प्यायलंय. सासूही तिथेच रांधायची. लाज कशी वाटत नाही?"

ओस्मोनकुलने घाम पुसला. "लाज वाटते की. पण आदेश आहे."

दुपारी एका सदस्याला नातू झाला म्हणून त्याने सगळ्या सभागृहाला घोड्याच्या मांसाचं जेवण घातलं. पोटं तट्ट फुगवून मंडळी परत येऊन बसली. पहिल्या रांगेत शाबदान अक्साकाल, म्हणजे आमच्याकडे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे, बसले होते, सभागृहातली सगळ्यात पांढरी दाढी. त्यांनी खुर्चीत अंग सोडलं आणि मंत्री बोलायला उभे राहताच डोळे मिटले. मंत्री काय, आकडे वाचत होते. पलंग इतके, जन्म इतके, कोळसा इतका. अक्साकालांचं घोरणं माइकमधून सगळ्या सभागृहात ऐकू येत होतं. त्यांचा माइक कधीचा चालूच राहिला होता आणि तो बंद करा म्हणायची कुणाची टाप नव्हती. मंत्र्यांनी आवाज चढवला तसं घोरणंही चढलं.

"बाळंतीण खिंडीतून जाईल कशी?" बुरुलकानने बसल्या जागेवरून विचारलं.

"रस्ता राष्ट्रीय दर्जाचा आहे," मंत्री म्हणाले.

"दर्जा ट्रकखाली घालू का, रुतल्यावर?"

सगळे हसले. मंत्रीही हसले. हसून त्यांनी पाणी प्यायलं आणि खाली बसले. बुरुलकानला मात्र रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. इतकी माणसं, सगळी कुणाच्या तरी पोटातून आलेली, आणि एकाच्याही चेहऱ्यावर काही उमटू नये?

सभापती तुरार यांनी मतदान पुकारलं. आमच्या सभागृहातलं यंत्र मोठं संशयी. पूर्वी सदस्य गैरहजर शेजाऱ्याचं बटणही दाबायचे, म्हणून आता दोन्ही हात अडकवून ठेवलेत. डाव्या हाताने हजेरीचं बटण, उजव्याने मताचं, आणि घंटा होईपर्यंत दोन्ही दाबून धरायची. मध्येच कुठलाही हात उचलला की मत पुसलं गेलं, शेवटी उरतील तेवढीच मोजायची. आणि मतदान चालू असताना बोलायचं नाही. सभागृह चिडीचूप होतं.

समोरच्या फळ्यावर लाल दिवे लागत गेले. लाल, लाल, लाल. ओस्मोनकुलचाही लाल. मधोमध एकच हिरवा. बुरुलकानने दोन्ही अंगठे असे दाबून धरले होते की नखं पांढरी पडली. हरली, हे तिला दिसत होतं. तरी धरून होती.

आणि त्या शांततेनेच शाबदान अक्साकालांना जाग आली.

त्यांनी डोळे किलकिले केले. पोट भरलेलं, तोंडात घोड्याच्या चरबीची चव, सभोवती आपली माणसं गप्प बसलेली, सगळ्यांचे डोळे समोर. आता सांगा, आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसाला याचा काय अर्थ लागेल? जेवण झालंय, आणि उठण्याआधी मंडळी वडीलधाऱ्याच्या दुव्यासाठी खोळंबलीत! अक्साकाल ओशाळले. घाईघाईने त्यांनी दोन्ही तळवे वर केले आणि माइकमधून त्यांचा खर्जातला आवाज घुमला, "चला, हात उचला पोरांनो!"

वडीलधाऱ्याने दुव्याला तळवे उचलले की सगळ्यांनी उचलायचे आणि ओमीन, म्हणजे तथास्तु, म्हणेपर्यंत धरून ठेवायचे, जन्मापासूनची सवय ती. ती काय पक्षाचा आदेश बघते? सगळ्या सभागृहाचे हात एकदम वर गेले. ओस्मोनकुलचे गेले, मंत्र्यांचे गेले, सभापतींचे गेले. फळ्यावरचे लाल दिवे घरोघरी दिवे मालवावेत तसे विझत चालले.

"या घरावरचं धुराडं थंड न पडो," अक्साकाल म्हणत होते. "जनावरांना दूध येवो. पोटुशींची सुखरूप सुटका होवो. पाळणा हलता राहो..."

बुरुलकानचे हात मात्र बटणांवरच होते. दुवा ओंजळीत झेलायचा असतो. ओंजळ नसेल तर तो खाली सांडतो, हे तिला आजीने सांगितलं होतं, आजीला तिच्या आजीने. आणि हा तर नेमका नुरझातचाच दुवा! तिचे खांदे आपोआप वर ओढले जात होते. "हात उचल गं, हात उचल," असं आतून कुणी ओरडत होतं. तिने दात आवळले, डोळे घट्ट मिटले आणि अंगठे दाबून धरले. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

घंटा झाली. "ओमीन!" म्हणून सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. आणि दुवा झाला म्हणजे जेवण संपलं, तशी मंडळी ढेकर देत उठून दाराकडे चालू लागली.

फळ्यावर अक्षरं उमटली. बाजूने एक, विरोधात कुणी नाही.

"अहो थांबा!" ओस्मोनकुल किंचाळला. "पुन्हा मतदान घ्या!"

"घ्या ना, पण बसणार कोण?" सभापती म्हणाले. खरंच होतं ते. दुवा झाल्यावर पुन्हा बैठक मारणं म्हणजे वडीलधाऱ्याचा उघड अपमान. अर्धं सभागृह दारात उभं, ना आत ना बाहेर. मंत्र्यांनी माइक ओढला. "सभापती महोदय, अक्साकालांच्या दुव्यामुळे मतदानात जो व्यत्यय..."

दाराकडे निघालेले सगळे मागे वळले.

"काय म्हणालात?" दारातून कुणीतरी विचारलं. "व्यत्यय? दुवा म्हणजे व्यत्यय?"

"तसं नाही, माझा म्हणण्याचा हेतू..."

"कामकाजात लिहून घ्या! मंत्र्यांना दुव्याचा त्रास होतो!"

मंत्र्यांचा चेहरा पिठासारखा झाला. समोर दूरदर्शनचा कॅमेरा, घराघरातली म्हातारी माणसं बघत असलेली. "मी काहीच म्हणालो नाही," असं म्हणून ते खाली बसले आणि दचकून पुन्हा उभे राहिले. सभापतींनी हातोडा आपटला. "दुरुस्ती मंजूर."

पण कौतुक करायला कुणी पुढे आलं नाही. कॅमेऱ्याने सगळं दाखवलं होतं. सगळ्यांचे हात वर, आणि एक बाई दगडासारखी बसलेली. ओस्मोनकुलने आपली खुर्ची तिच्यापासून दूर सरकवली. "एजे, विरोधात मत दे, पक्ष सोड, काहीही कर. पण दुवा नाकारायचा?" त्याच्या आवाजात खरोखर भीती होती.

तेवढ्यात फोन वाजला. नुरझात.

"आई, बंद नाही ना होणार?"

"नाही बाळा. राहिलं आपलं."

पलीकडे गलका झाला, मग नुरझात हळूच म्हणाली, "आई, तू हात का नाही उचललेस गं? सासूबाई विचारतायत. अक्साकाल पोटुशींचं म्हणत होते तेव्हा..."

बुरुलकान उठली. फोन तसाच मुठीत धरून ती धावत सुटली. कोट ठेवायच्या खोलीपाशी शाबदान अक्साकाल काठी काखेत धरून रबरी बुटात पाय घालायच्या खटपटीत होते. ती त्यांच्यापुढे उभी राहिली. धाप लागली होती.

"अक्साकाल, मला दुवा द्या."

"आत्ताच तर दिला सगळ्यांना. तू कुठे होतीस?"

"तिथेच होते. मी घेतला नाही."

म्हाताऱ्याच्या भुवया चढल्या. "नव्वदीला आलो बाई, पण माझा दुवा कुणी टाकला नव्हता. का नाही घेतलास?"

"हात मोकळे नव्हते."

"असं काय धरलं होतंस हातात, सोन्याची लगड?"

"पोरींचा दवाखाना धरला होता, अक्साकाल. सोडला असता तर बंद पडला असता."

अक्साकालांना काही उमगेना. आपण काय केलं ते त्यांना अजून कुणी सांगितलंच नव्हतं. एका पायात बूट, दुसरा नुसताच मोज्यात. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. भोवती कोट घ्यायला आलेली मंडळी थबकली होती.

"कुणासाठी पाहिजे?"

"मुलीसाठी. नुरझात नाव आहे. मूल पायाळू आहे."

"बाळंतपण कुठे आहे?"

"कोक-झारला," बुरुलकान म्हणाली. "आमच्याच दवाखान्यात." आणि तेवढं बोलता बोलता तिचा बांध फुटला. सकाळपासून, छे, त्या ट्रकपासूनचं साठलेलं सगळं बाहेर आलं. तिने दोन्ही हात पुढे केले. अंगठ्यांवर बटणांचे गोल वळ उठले होते.

अक्साकालांनी तळवे उचलले आणि दुवा दिला, नुरझातचं नाव घेऊन, पायाळू मुलाला सरळ वाट दाखवायला सांगून. तो संपला तरी बुरुलकानच्या तोंडून शब्द फुटेना. ती नुसती हुंदके देत होती. म्हातारा हात वर धरून ताटकळला, त्याचे दंड थरथरायला लागले.

"अगं ए बाई," तो खेकसला, "ओमीन म्हण की! माझे हात भरून आले!"

तिने म्हटलं. मागून ओस्मोनकुलनेही म्हटलं.