गिलेन बारिबो आणि डावा कोपरा

गिलेन बारिबो एकवीस वर्षं शाळेची बस चालवत होती. कॅनडातल्या आबितिबी भागातल्या त्या खाणीच्या गावात पारा उणे पस्तीसवर गेला की लोकांच्या गाड्या सुरू व्हायला कुरकुर करायच्या, पण गिलेनची पिवळी बस सात वाजून दहा मिनिटांनी पहिल्या फाट्यावर हजर असायची. बाई बुटकी, रुंद खांद्यांची. आवाज असा, की मागच्या बाकावरची मारामारी ती आरशात न बघता थांबवायची. तिला ओळखत नाही असं एक घर त्या रस्त्यावर नव्हतं. तरी गेली पाच-सहा वर्षं तिला कुणी गिलेन म्हणत नव्हतं. ती ‘जेरेमीची आई’ झाली होती.

जेरेमी तिचा एकुलता एक. चोवीस वर्षांचा, बर्फावर चकतीने खेळायच्या हॉकीच्या मोठ्या लीगमधला आघाडीचा खेळाडू. गेल्या मोसमात त्याने एक्केचाळीस गोल केले होते. गावात शिरताना मोठ्ठ्या पाटीवर त्याचा फोटो होता, अर्धा बर्फाखाली गेलेला. एवढं सगळं असूनही त्या हिवाळ्यात गावाला एकच प्रश्न पडला होता: जेरेमी बारिबो अव्वल दर्जाचा खेळाडू आहे की नाही?

मुलांना शाळेत सोडलं की गिलेन रिकाम्या बसमध्ये रेडिओ लावायची. सकाळचा हॉकीचा कार्यक्रम इव्हाँ नावाचा पोरगेला माणूस करायचा आणि फोन घ्यायचा. फोन करणारे सगळे ओळखीचेच.

“एक्केचाळीस गोल! अव्वल नाही तर काय चव्वल म्हणायचं त्याला?”

“अरे, त्यातले पंधरा समोरचा एक गडी शिक्षा होऊन बाहेर बसलेला असताना मारलेत. तेवढे माझी सासूपण मारेल.”

“तुझी सासू स्केट घालते का?”

“नाही घालत. तरी मारेल. बाद फेरीत तुझा जेरेमी कुठं असतो ते सांग आधी. शोधायला कुत्रं सोडावं लागतं.”

बसच्या गराजमध्येही तेच. रेजाँ नावाचा म्हातारा मेकॅनिक इंजिनात डोकं खुपसून बोलायचा, “गिलेन, राग मानू नको, पण तुझा पोरगा मैदानाच्या कोपऱ्यात जात नाही बघ. डाव्या कोपऱ्यात तर नाहीच. चकती तिकडं गेली की आधी दुसऱ्याला जाऊ देतो.”

“तू तुझे बोल्ट बघ, रेजाँ,” ती म्हणायची.

तिला राग यायचा तो रेजाँ खोटं बोलतो म्हणून नव्हे. म्हातारा अगदी बरोबर बोलत होता. डाव्या कोपऱ्याच्या अलीकडे जेरेमीचा पाय अर्धा क्षण अडखळायचा. लाखो लोक टीव्हीवर बघत होते, कुणी त्याला आळस म्हणायचं, कुणी चलाखी. त्याचं कारण गावात तिघांनाच ठाऊक होतं: जेरेमीला, तिला आणि तिच्या नवऱ्याला, नॉर्माँला. चौथ्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. तो चौथा माणूस म्हणजे गाएताँ लाकुर्सियेर.

गाएताँ सतरा वर्षं गावच्या तरुण संघाचा प्रशिक्षक होता. आता निवृत्त होऊन इव्हाँच्या कार्यक्रमात जाणकार म्हणून बसायचा. सगळे त्याला अजूनही कोचच म्हणत.

जानेवारीतल्या एका मंगळवारी गिलेन बस घेऊन परत येत होती. इव्हाँने विचारलं, “कोच, तुम्ही तर त्याला घडवलंत. एका शब्दात सांगा. अव्वल?”

गाएताँ म्हणाला, “नाही. हात सोन्याचे आहेत, पाय वाऱ्याचे आहेत. पण अव्वल खेळाडूला कोपऱ्यात घुसायची छाती लागते. मी त्याला जवळून पाहिलंय. ती छाती या पोरात नव्हती. कधीच नव्हती.”

गिलेनने बस रस्त्याच्या कडेला घेतली. दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडं आणि माणूसभर उंच बर्फ. त्या भागात शिव्या ख्रिस्ती देवळातल्या वस्तूंच्या नावाने देतात. पुढची पाच मिनिटं गिलेनने कळसापासून मेणबत्तीपर्यंत देवळातलं काहीएक शिल्लक ठेवलं नाही.

नव्हती? कधीच नव्हती?

जेरेमी सोळाचा होता तेव्हाची गोष्ट. शुक्रवारच्या सामन्यात डाव्या कोपऱ्यात त्याला कुणीतरी मागून ढकललं आणि त्याचं डोकं मैदानाभोवतीच्या फळ्यांवर आपटलं. घरी येताना तो गाडीत दोनदा ओकला. डॉक्टरने सांगितलं, दोन आठवडे बर्फावर पाऊल नको. रविवारी गाएताँ घरी आला. नॉर्माँ खाणीत पाळीवर होता. गाएताँने तिच्या स्वयंपाकघरात बसून वाटाण्याचं सूप खाल्लं, वर आणखी मागून घेतलं आणि म्हणाला, “मंगळवारी मोठ्या क्लबांचे चार निरीक्षक येतायत. चार, गिलेन! पुन्हा कधी येतील कुणास ठाऊक.”

“डॉक्टर नको म्हणालेत,” ती म्हणाली.

“डॉक्टर कधी हॉकी खेळलाय का? पोराचे डोळे बघ, चकाकतायत. काय रे, बरा आहेस ना?”

“बरा आहे, कोच,” जेरेमी म्हणाला. सोळा वर्षांचा पोरगा, चार निरीक्षक येणार म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार?

मंगळवारी त्याच कोपऱ्यात त्याला पुन्हा मार बसला. तो तीन मिनिटं हलला नाही. पुढचे सहा आठवडे तो पडदे लावलेल्या खोलीत पडून होता. उजेड सहन व्हायचा नाही. चमच्याला काय म्हणतात ते आठवायचं नाही, मग रडायचा. गाएताँ एकदाही आला नाही. एक फुगा मात्र पाठवला होता, ‘लवकर बरा हो’ लिहिलेला.

नॉर्माँला तिने संध्याकाळी सगळं सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, “सोड ना. रेडिओवर लोक काय वाट्टेल ते बोलतात.”

“लोक बोलू देत. हा लोक नाहीये. हा माझं सूप पिऊन गेलाय.”

“जेरेमीला विचार आधी.”

तिने विचारलं नाही. पुढे सगळ्यात जास्त महागात पडलं ते हेच.

शनिवारी सकाळी तो कार्यक्रम हॉकीच्या मैदानातल्या उपाहारगृहातून थेट प्रसारित व्हायचा. तळलेल्या बटाट्यांचा वास, ओले बूट, कागदी पेल्यातली कॉफी, पन्नासेक माणसं. इव्हाँने विचारलं, “कुणाला जेरेमीबद्दल बोलायचंय?” आणि मागून गिलेन पुढे आली. टाळ्या पडल्या. आई आली म्हटल्यावर आता पोराचं कौतुक करणार, असंच सगळ्यांना वाटलं.

तिने माइक इव्हाँच्या हातातून घेतला, पण तोंड गाएताँकडे केलं. आयुष्यभर ती त्याला तुम्ही म्हणत आली होती.

“कोच, तुम्ही मंगळवारी म्हणालात, माझ्या मुलात छाती नव्हती. बरोबर?”

“गिलेन, हे खेळाचं विश्लेषण असतं. मनाला लावून घ्यायचं नाही.”

“मग मीपण विश्लेषण करते. डोकं फुटलेल्या पोराला चौथ्या दिवशी बर्फावर कुणी उतरवलं? डॉक्टर नको म्हणत असताना? तो डाव्या कोपऱ्यात थबकतो, कारण तिथं तो मरता मरता वाचलाय. तिथं त्याला तू पाठवलंस. तू! माझ्या टेबलावर बसून, माझं सूप ओरपून! आणि आता रेडिओवर बसून त्याला भित्रा म्हणतोस?”

इव्हाँ गाणं लावण्यासाठी बटण शोधू लागला. मागून रेजाँ ओरडला, “गाणंबिणं नको! बोलू दे तिला!”

गाएताँचा चेहरा लाल झाला होता, पण माणूस सतरा वर्षं पंचांशी भांडलेला. तो शांतपणे म्हणाला, “मी त्याला ओढून नेलं का? घरात मोठं माणूस कोण होतं, गिलेन? तूच होतीस ना?”

हा घाव तिला ठाऊक होता. आठ वर्षं तो ती स्वतःच स्वतःला घालत आली होती.

“होते,” ती म्हणाली. “मी गप्प बसले. चार निरीक्षक म्हटल्यावर माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. त्याची लाज घेऊन मी रोज झोपते. पण मी इथं येऊन त्याची छाती मोजत नाही.”

माइक टेबलावर टाकून ती बाहेर पडली.

संध्याकाळपर्यंत ते बोलणं सगळ्या प्रांतात पसरलं. रविवारी दुपारी जेरेमीचा फोन आला. तिला वाटलं, पोरगा रडेल, नाहीतर आभार मानेल. तो ओरडायलाच लागला.

“आई, तू काय केलंस कळतंय का तुला? आठ वर्षं मी ते लपवलं. आता लीगमधल्या प्रत्येक धिप्पाड गड्याला माहीत झालंय की मला कुठं हाणायचं!”

“तो तुला भित्रा म्हणाला, जेरेमी.”

“म्हणू दे की! ते माझं होतं. माझं! तू आधी एक फोन केला असतास, तर? आणि तुला एवढा राग होता ना, तर त्या रविवारी कुठं होता तो?”

फोन ठेवल्याचा आवाज आला. नॉर्माँ दारात उभा होता, आणि त्याचाही तिला राग आला.

जेरेमी म्हणाला तसंच झालं. पुढच्या सामन्यापासून चकती मुद्दाम डाव्या कोपऱ्यात मारली जाऊ लागली, आणि तो वळला की मागून माणूस तयार. गिलेन टीव्हीसमोर उभी राहून बघायची, बसवायचं नाही. तिसऱ्या सामन्यात त्याचा खांदा गेला. पाच आठवडे बाहेर. त्या पाच आठवड्यांत त्याने एकदाही फोन केला नाही.

गावातला वादही आता बदलला होता. दुकानात रांगेत उभी असताना मागची बाई ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “पोराचं करिअर आईनंच बुडवलं.” गिलेन मागे वळून म्हणाली, “जोरात बोल की, ब्रिजित. तुझा पोरगापण माझ्याच बसमध्ये बसतो, त्यालाही ऐकवेन त्याची आई काय बोलते ते.” ब्रिजितने पावाच्या पुड्यात तोंड घातलं.

पण एका दुपारी बस गराजमध्ये लावल्यावर रेजाँ हात पुसत तिच्याजवळ आला.

“माझ्या धाकट्यालापण तसंच उतरवलं होतं,” तो म्हणाला. “सतराचा होता. निरीक्षकही नव्हते. नुसता शेजारच्या गावाशी सामना. आता छत्तिसाचा आहे आणि आठवड्यातले दोन दिवस अंधारात पडून असतो. बायको सोडून गेली.”

“तू कधी बोलला नाहीस, रेजाँ.”

“काय बोलणार? कोच होता ना.” त्याने फडकं जमिनीवर आपटलं. “आणि मी हरामखोर तुझ्याच पोराला कोपऱ्यावरून टोमणे मारत बसलो.”

रेजाँनेच मग गावच्या हॉकी क्लबला पत्र लिहिलं. त्यावर आणखी तीन घरांनी सह्या केल्या. क्लबने दोन सभा घेतल्या, आणि उन्हाळी शिबिरातून गाएताँचं नाव काढलं. रेडिओवरून मात्र त्याला कुणी काढलं नाही. उलट ऐकणारे वाढले होते. फेब्रुवारीच्या शेवटी तो पुन्हा तिथे होता, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी खेळाडूत छाती आहे की नाही ते सांगत होता. गिलेनने बसमधला रेडिओ बंद केला नाही. ती मुद्दाम ऐकायची, राग थंड पडू नये म्हणून.

मेच्या मध्यावर, तळ्यावरचं बर्फ फुटल्यानंतर, जेरेमी घरी आला. कळवलं नव्हतं. त्याचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला होता. खांदा अजून आखडलेला होता. त्याने बापाला मिठी मारली, तिला नाही. दोन दिवस बापलेक छपराची डागडुजी करत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी नॉर्माँ कामावर गेल्यावर जेरेमी स्वयंपाकघरात येऊन बसला.

“मला तो मंगळवार सांग,” तो म्हणाला.

“कुठला?”

“तोच. मला त्यातलं काही आठवत नाही. रविवारपण अर्धामुर्धाच. सगळ्या गावाला सांगितलंस, आता मला सांग.”

गिलेन त्याच्यासमोर बसली आणि तिने सांगितलं. सूप, चकाकणारे डोळे, चार निरीक्षक, ती कुठल्या रांगेत बसली होती, त्याचं हेल्मेट कुठवर घरंगळत गेलं. स्वतःचं काही वगळलं नाही. निरीक्षक वह्यांत लिहीत होते तेव्हा आपल्याला आनंद झाला होता, हेसुद्धा सांगितलं.

जेरेमी ऐकत होता.

“मला माफ कर,” ती म्हणाली.

“आत्ता नाही जमणार, आई.”

“बरं.”

त्याने गाडीची किल्ली उचलली. “कोचकडे जाऊन येतो. तू येऊ नकोस.”

ती गेली नाही. बटाटे सोलायला घेतले, नको तेवढे सोलले. अर्ध्या तासात गाडी परत आली. जेरेमी दारात बूट न काढता उभा राहिला.

“काय म्हणाला?” तिने विचारलं.

“म्हणाला, त्याला आठवत नाही.” जेरेमी हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. “बायकोला विचारलं त्यानं माझ्यासमोर, हे कधी झालं गं? नीट समजावलं मला, की इतकी पोरं आली-गेली, कोण कधी पडलं ते कसं लक्षात राहणार.”

गिलेनच्या हातातली सुरी टेबलावर आपटली. तिच्या तोंडून देवळातलं पहिलं नाव बाहेर पडलं.

“थांब,” जेरेमी म्हणाला. खुर्ची ओढून तो तिच्याशेजारी बसला, आणि त्याने दुसरी सुरी घेतली. “मलाही आठवत नाही. फक्त मला का आठवत नाही, ते मला माहितीये.”

मग दोघं बराच वेळ उरलेले बटाटे सोलत आणि आळीपाळीने शिव्या देत बसले.