चिमणी पाडली त्या सकाळी

नागपुरातल्या आमच्या बंद गिरणीच्या जागेवर टॉवर होणार होते, म्हणून तिची उंच चिमणी पाडायची होती. आम्हा चाळीतल्या सगळ्यांना रस्त्यापलीकडे नेलं. इशाऱ्याचा भोंगा वाजला आणि माझ्या लक्षात आलं, बाबा शेजारी नाहीत.

"थांबवा! माझे बाबा आत आहेत!" मी पोलिसाचा हात धरून ओरडले. त्याने धावत जाऊन काम थांबवलं.

थोड्या वेळाने बाबा चाळीतून बाहेर आले, तेव्हा त्यांच्या पाठीवर शेजारची बहिरी आजी होती.

"तिले कोणी सांगतलंच नव्हतं वं," ते धापा टाकत म्हणाले.

दुपारी चिमणी पडली. मी बाबांचा सदरा घट्ट धरून होते.