किसनभाऊंचा खोडा

किसनभाऊ प्रत्येक गिऱ्हाइकासमोर एकदा मरायचे. कुलूप तयार झालं की ते गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवत, त्याच्या तळहातावर चावी ठेवत, आपल्या दोन्ही हातांनी त्याची मूठ मिटवत आणि म्हणत, "चावी एकच. दुसरी चावी म्हंजी दुसरा मालक. आता ह्या कुलपापुरता मी मेलो." मग तो मेलेला माणूस उठून स्टोव्हवर चहा ठेवायचा. मी त्यांना असं किमान चार हजार वेळा मरताना पाहिलंय. आकडा माझा आहे, त्यातून हवं तेवढं वजा करून घ्या. माझ्या ओळखीचे सगळे तसंच करतात.

लोणावळ्यात बाजारामागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती. त्याआधी घाटात रेल्वेगाड्यांना मागून रेटणारी इंजिनं असतात, त्यांच्याकडे ते फिटर होते. निवृत्त झाल्यावर दुसरा एखादा बेडशाला घराच्या ओट्यावर बसून लेण्यांकडे बघत राहिला असता. भाऊ रोज बेडशाहून स्कूटरवर लोणावळ्याला येऊन गाड्यांच्या चाकांची कुलपं बनवू लागले. दोन जाड लोखंडी जबडे, एक चाकाच्या आतून, एक बाहेरून, आणि नटांवर झाकण घालणारी एक ताटली. सगळं जग त्याला जॅमर म्हणतं. भाऊ खोडा म्हणत. "ओढाळ गुराच्या पायात घालत्यात तो खोडा. गाडी बी ओढाळच की. जो पाला दावील त्याच्यामागं जाती."

त्या वर्षी खंडाळ्याच्या बाजूच्या दोन जीपा चोरीला गेल्या होत्या, म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. स्टेशनाजवळ आमच्या सहा जीपांचा स्टँड होता. पर्यटकांना बसवायचं, पॉइंट दाखवायचे, धुक्यात काहीच दिसलं नाही तर काय दिसलं असतं ते सांगायचं. हे शेवटचं काम माझं. भाऊंनी खोडा माझ्या हातात दिला आणि मी जवळजवळ जमिनीत गेलो.

"भाऊ, जरा हलका नाही का?"

"हलका पायजे तर गजरा घ्या."

जबड्यांना आतून त्यांनी जुन्या ट्यूबचं रबर लावलं होतं. "खोड्यानं पाय धरावा, सोलू न्हाई," असं ते म्हणत. आणि एका कोपऱ्यात छिन्नीने मारलेले तीन ठिपके. ती त्यांची खूण.

त्या खोड्याची कीर्ती मावळभर कुणी केली असेल तर मी. इंदुरीच्या एका दूधवाल्याला मी सांगितलं, की चोरांनी खोडा घातलेली जीप ट्रकला बांधून ओढली, तर ट्रकचा एक्सल निघून आला आणि जीप जागेवर जांभया देत होती. कामशेतमध्ये तोच ट्रक क्रेन झाला. तळेगावात पोचेपर्यंत हत्ती झाला. गिऱ्हाइकं शेडमध्ये येऊन हत्तीची चौकशी करू लागली, तेव्हा भाऊंनी मला बोलावून घेतलं.

"बबन, माझं कुलूप लोखंडाचं हाय. तुझ्या थापंचं न्हाई."

"भाऊ, थापेने गिऱ्हाईक येतं."

"आन् कशानं ऱ्हातं?"

मी गप्प बसलो. ही घटना दुर्मिळ आहे, सलीमला विचारा. सलीम म्हणजे आमच्या स्टँडवरचा माझ्या शेजारचा ड्रायव्हर, लोणावळ्याच्या बाजारात वाढलेला. माझी एकही गोष्ट त्याने आजवर खरी मानलेली नाही. मी "आज रविवार आहे" म्हणालो तरी तो कॅलेंडर बघतो. तोच सलीम भाऊंच्या शब्दावर जीप सोडून चार दिवस सासरी जायचा. भाऊंनी दोन दिवस लागतील म्हटलं की दोन दिवस. भाऊंनी हे जमणार नाही म्हटलं की ब्रह्मदेवालाही ते जमणार नाही. हॉटेलवाले जिथे भिंतीसमोरची खोली "डोंगराच्या दिशेची" म्हणून देतात, त्या गावात खोटं न बोलणारा एक माणूस असणं ही चैन होती, आणि ती आम्ही केली.

एकदा पॉइंटवर माकडाने माझी चावी पळवली. ही थाप नाही. खिशातल्या शेंगदाण्याच्या पुडीबरोबर त्याने चावी ओढली, कठड्यावर बसून शेंगदाणे खाल्ले आणि चावी दरीत टाकली. जीप खोड्यात, आणि चावी तर जगात एकच. मी भाऊंना फोन केला. भाऊ स्कूटरवरून आले, चाकापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "तिकडं तोंड करा." मी आणि माझे पर्यटक दरीकडे तोंड करून उभे राहिलो. मागून आवाज आला, खट्. खोडा उघडलेला.

"कसं केलंत, भाऊ?"

"कुलपाला इचारलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नवी चावी दिली, मूठ मिटवली आणि पुन्हा एकदा माझ्यापुरते मेले. मी मावळभर सांगितलं की भाऊ कुलपाच्या कानात फुंकर मारतात. लोकांना ते पटलं. भाऊंबद्दलचं काहीही लोकांना पटायचं.

मग ती दिवाळीची सुट्टी आली. रविवार, सकाळचे नऊ. आम्ही सहाजण समोरच्या टपरीवर मिसळ खात होतो. रस्त्याचा तो तुकडा पार्किंगसाठी एका ठेकेदाराला मिळाल्याचं कानावर आलं होतं, पण कानावर काय, रोजच काहीतरी येतं. मिसळ संपवून परत आलो तर सहाही जीपांच्या चाकांना पिवळेधमक जॅमर. ठेकेदाराचा माणूस खुर्ची टाकून बसलेला, बोटात एक पिवळी चावी फिरवत. सहाही जॅमरना ती एकच लागत होती. शेजारी एक कागद. जागा कायमची सोडतो, असं लिहून सही करा, चावी लावतो.

सही केली की स्टँड गेला. नाही केली तर दिवाळीचे आठ दिवस गाड्या जागच्या जागी, आणि त्या आठ दिवसांवर आमची निम्मी घरं चालायची. सही न करता गाड्या एकदा तिथून हलल्या असत्या, तर मात्र भांडायला जागेवरचा वीस वर्षांचा हक्क शाबूत राहत होता.

मी जॅमर बघायला वाकलो. कोपऱ्यात पिवळ्या रंगाखाली तीन ठिपके होते. मी आत बोट घातलं. रबर होतं.

सलीमही वाकला. त्याने ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

"बरंच झालं की," मी म्हणालो. "भाऊ आपला माणूस. दहा मिनिटांत उघडतो."

शेडमध्ये भाऊ कानस घासत होते.

"भाऊ, ते पिवळे तुमचे?"

"व्हय."

"कुणाच्या चाकात जाणार, माहीत होतं?"

त्यांनी कानस खाली ठेवली. "म्हाईत हुतं."

"मग?"

"मी न्हाई केलं तर दुसऱ्या कुनी केलं असतं. उघड्या लोखंडाचं. तुमच्या रिमा सोलून निघाल्या असत्या. मी आतून रबर लावलंय, बबन."

बोकडाला सांगावं, सुरीला मुद्दाम धार लावून आणलीय, दुखायचं नाही. तसं ते सांगत होते, आणि मनापासून सांगत होते. माझ्या तोंडात तेव्हा काय काय आलं होतं ते इथे लिहिता येत नाही. मी एवढंच म्हणालो, "चला. पोरं थांबलीत. कुलपाला विचारा."

ते आले. ठेकेदाराचा माणूस तेवढ्यात चहाला गेला होता, पिवळी चावी बोटात घालून. भाऊ माझ्या जीपच्या चाकापाशी बसले. त्यांनी सांगायच्या आतच मी सगळ्यांना म्हणालो, "तिकडं तोंड करा." आम्ही सहाजण रांगेत भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. भिंतीवर चिक्कीची जाहिरात रंगवली होती. मी ती उलटीसुलटी पाठ केली.

"नमाजालासुद्धा मी एवढा स्थिर नसतो," सलीम पुटपुटला.

"गप. ऐकू दे."

आम्ही खट् ऐकायला थांबलो होतो. सहा बापये, आईने पाहुण्यांसमोर शिक्षा केल्यासारखे, येणारेजाणारे फोटो काढताहेत आणि आम्हाला त्याचं काही नाही. कारण मागे भाऊ बसले होते.

खट् आलं नाही. भाऊंचा आवाज आला. "ह्ये जमत न्हाई. चावी एकच हाय, आन् ती त्यांच्यापाशी."

मी वळलो. भाऊ उभे होते. उजवा हात सदऱ्याच्या खिशावर घट्ट दाबलेला, चेहरा पांढरा. मला वाटलं, छातीत कळ आली. एवढा रागात असूनही मीच त्यांना पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले, बाटली परत केली आणि कुणाकडे न बघता शेडकडे निघून गेले.

आम्ही ग्राइंडर आणला. तीन चकत्या झिजल्या आणि जॅमरवर नुसता ओरखडा उठला. मी मावळभर जे सांगत हिंडलो होतो ते सगळं खरं निघालं. ट्रक, क्रेन आणि हत्ती सोडून. दुपारी पहिली सही झाली. शेवटची माझी.

त्यानंतर तीन वर्षं मी भाऊंशी बोललो नाही. दोघांनी जीपा विकल्या, दोघे गाव सोडून गेले, सलीम खंडाळ्याला एका बंगलेवाल्याची गाडी चालवू लागला, मी कार्ल्याच्या फाट्यावर उभा राहू लागलो. त्या तीन वर्षांत मी भाऊंवर इतक्या गोष्टी रचल्या की हत्तीही लाजला असता. ठेकेदाराने त्यांना सोन्याची कानस दिली इथपर्यंत मी गेलो. पण एका गोष्टीला मी हात लावला नाही. चावी एकच, हा माणूस खोटं बोलत नाही. आमचा गळा त्यांनी आवळला, पण सोडवायची गाठ त्यांच्या हातात नव्हती, असं मी सलीमला सांगायचो. माझं ते एकच वाक्य तो कॅलेंडर न बघता मानायचा. आणि रोज जीप उभी केली की मी भाऊंचाच खोडा लावायचो. भांडण माणसाशी होतं. झोप कुलपाची होती.

यंदा भाऊ खरोखरचे गेले. मी बेडशाला गेलो तेव्हा चार दिवस उलटले होते. त्यांची मुलगी सुजाता तळेगावात नर्स आहे. तिने चहा दिला आणि आतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणला.

"काका, तुम्ही सगळीकडे फिरता. एवढं ज्याचं त्याला पोचवाल?"

डबा चाव्यांनी भरला होता. प्रत्येकीला ट्यूबच्या रबराची पट्टी, पट्टीवर पांढऱ्या रंगाने गाडीचा नंबर. वरच माझी होती.

"ही कसली?"

"दुसरी चावी," ती सहज म्हणाली. "प्रत्येक कुलपाची ठेवायचे ना. लोक हरवतात म्हणून. तुम्हाला 'तिकडं तोंड करा' म्हणायचे ते कशासाठी मग?" आणि ती हसली. मला हे माहीत असणारच असं तिला वाटलं होतं.

मीही हसलो. सवय असते. माझा हात डब्यात खालपर्यंत गेला आणि तळाशी ती सापडली. पिवळी. तिच्या पट्टीवर नंबर नव्हता. भाऊंच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, "बबनचा स्टँड".

"ही डब्यात कधी आली, सुजाता?"

"ती होय. त्याच रविवारी. संध्याकाळी आले, सदऱ्याच्या खिशातून काढली आणि टाकली. जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, 'भिंतीकडं तोंड करून उभी हुती गं सगळी. पर मालकाची चावी तिकडं, आन् खोडा हिकडं उघडला असता, तर आख्ख्या मावळाला कळलं असतं, किसनकडं दुसरी चावी हाय.'"

म्हणजे चावी आमच्यासाठी केली होती. आमच्यासाठी खिशात घालून आणली होती. आम्ही पाठ फिरवून, मान खाली घालून, कान टवकारून उभे होतो, आणि तेवढ्या वेळात त्यांनी एका बाजूला आमचा स्टँड ठेवला, दुसऱ्या बाजूला आपलं नाव, आणि नाव उचललं. छातीत कळ आली नव्हती. त्यांनी चावी दाबून धरली होती. आणि मी पाणी दिलं.

मावळातला सर्वात मोठा थापाड्या म्हणून माझी ख्याती आहे. त्या ओट्यावर ती माझ्यापुरती संपली. मी हजार थापा मारल्या आणि एकही टिकली नाही. भाऊंनी जन्मभर एकच मारली, रोज मारली, लोकांच्या मुठीत दाबून मारली.

डबा मी घेतला. पोचवतो म्हणालो. महिना झाला, एकही चावी पोचवलेली नाही. डबा माझ्या सीटखाली आहे. पोचवायला गेलो तर प्रत्येकजण विचारणार, ही कसली, आणि मग मला सांगावं लागणार. का सांगत नाही ते मलाही नीट कळत नाही. त्यांच्यासाठी तर नक्कीच नाही.

परवा सलीमला खंडाळ्याहून घेतलं, त्याला कार्ल्याला यायचं होतं. वळणावर डबा सीटखाली घसरला आणि खळखळला.

"काय वाजतंय रे?" सलीमने विचारलं.

त्याची चावी त्यात होती. पिवळीही होती.

"गाडीचे पाने आहेत," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघू लागला. इतक्या वर्षांत माझी एकही थाप न पटलेल्या माणसाला ही मात्र लगेच पटली.