‘छाया’ या शब्दावरून

सरांनी कॅलेंडरचं मार्चचं पान माझ्यापुढे धरलं आणि चित्राखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं, ‘छाया : दिगंबर’.

“चित्र माझं, मॅडम. आन् खाली नाव कुणाचं हाय बगा.”

मी परभणीच्या कोर्टात वकिली करते. माझी हयात वाटणीचे दावे, बांधाची भांडणं आणि अपघाताच्या नुकसानभरपाईत गेली. कॉपीराइट हा शब्द आमच्या बाररूममध्ये कुणी काढत नाही. त्यामुळे खरं सांगायचं तर मला हुरूप आला. आता तो हुरूप आठवला की कसंतरी होतं.

खंदारे सर हे मानवतकडच्या एका गावातले निवृत्त ड्रॉइंग टीचर. गावाचं नाव सांगत नाही, तिथले पक्षकार अजून माझ्याकडे येतात. गावात शिरताना पाण्याची टाकी लागते. टाकीच्या कंपाउंडवर सरांनी निवृत्तीनंतर आख्खा आठवडी बाजार रंगवला होता. एसटीतले लोक कंडक्टरला ‘बाजारापाशी उतरवा’ म्हणायचे ते याच भिंतीपाशी; खरा बाजार भरतो गावाच्या दुसऱ्या टोकाला. चित्रातले चेहरे गावातले होते, काही हयात, काही गेलेले. बांगड्या भरून घेणारी बाई म्हणजे सरांची वारलेली बायको. ती जिवंतपणी कॅमेरा बघितला की पदर पुढे ओढायची, त्यामुळे घरात तिचा एकही धड फोटो नव्हता.

दिगंबर हा गावातला स्टुडिओवाला आणि सरांचाच विद्यार्थी. त्यानं आसपासच्या प्रसिद्ध ठिकाणांचं कॅलेंडर काढलं होतं. देऊळ, कमान, चौकातला पुतळा आणि हा टाकीवरचा बाजार. व्यापाऱ्यांनी ते घरोघर वाटलं.

मी आधी दिगंबरला फोन केला.

“आवं मॅडम, छाया म्हंजी फोटो,” तो म्हणाला. “पेपरात न्हाई का येत? चित्र मी काढलं आसं मी कुठं म्हणलं? आन् भिंत सार्वजनिक हाय. देवळाचा फोटो चालतो, पुतळ्याचा चालतो, मंग भिंतीनंच काय घोडं मारलं?”

वकील नसूनही त्यानं कायद्याचं अर्धं कलम बरोबर सांगितलं होतं. आपल्या कायद्यात इमारतीचा फोटो काढून छापायला कुणाची परवानगी लागत नाही. सार्वजनिक जागी कायमचा बसवलेला पुतळा असेल तरी लागत नाही. पण या सवलतीत रंगवलेलं चित्र येत नाही. म्हणजे भिंत गावाची असली तरी तिच्यावरचं चित्र चित्रकाराचंच राहतं. सरांना ते काम कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मोबदला दिला नव्हता, त्यामुळे हक्क त्यांचाच यात शंका नव्हती. हे दिगंबरला समजावलं तेव्हा तो नरमला.

“चुकलं म्हणा. पुढल्या साली सरांचं नाव टाकतो. मोठ्या अक्षरात टाकतो.”

मला वाटलं, मिटलं. सरांना तसं कळवलं, तर ते दुसऱ्याच दिवशी ऑफिसात हजर.

“पुढल्या साली? मॅडम, शाळेतली पोरं मला इचारायलेत, सर, ते चित्र दिगूकाकानं काढलं का म्हणून. नोटीस पाठवा. आन् त्याच्याकडं एक बी फोटो ऱ्हाता कामा नये.”

“सर, उरलेल्या कॅलेंडरांवर नावाची चिठ्ठी चिकटवू. काम होईल.”

“चिठ्ठी कामून? मी काय किराणा हाय का?”

यावर मी हसले. सर हसले नाहीत.

शहरात नोटीस म्हणजे पत्रव्यवहार. आमच्याकडे नोटीस म्हणजे अब्रूला हात. पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन स्टुडिओत शिरला आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तरनं दिग्याला कोर्टात खेचलं. दिगंबरच्या घरच्यांनी त्याला वकील गाठून दिला. वकिलानं उलट उत्तरात विचारलं की भिंत रंगवायची लेखी परवानगी कुठे आहे? त्याची एक प्रत त्यानं ग्रामपंचायतीकडेही धाडली, कारण टाकी तिची. सरांकडे परवानगी तोंडीच होती. रंगवताना सगळे चहा घेऊन यायचे, कागद कुणी मागितला नव्हता.

दावा दाखल व्हायच्या आतच माझ्या ऑफिसात तडजोड झाली. उरलेली कॅलेंडरं सरांच्या ताब्यात द्यायची, फोटो जिथे जिथे असेल तिथून पुसायचा, पुन्हा छापायचा नाही. दिगंबरनं न वाचता सही केली आणि सरांच्या पाया पडायला वाकला. सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मी कोर्टात पुष्कळ भांडणं बघितली आहेत, सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावलेले बघितले आहेत. पण वाकलेल्या माणसाचा हात तसाच अधांतरी राहिलेला बघून मला फार वाईट वाटलं.

सरांनी ती कॅलेंडरं घरी नेऊन बंबात घातली.

पुढे ग्रामपंचायतीत नवे ग्रामसेवक आले. दप्तरात त्यांना त्या प्रत्युत्तराची प्रत सापडली, परवानगी मात्र सापडली नाही. भिंतीचं काहीतरी मॅटर आहे एवढंच त्यांनी घेतलं. वादाची भिंत आपल्या गळ्यात नको म्हणून त्यांनी तिला चुना मारून घेतला आणि वर निळ्या रंगात ‘पाणी हेच जीवन’ लिहिलं.

सर माझ्या ऑफिसात आले. मी म्हणाले, “सर, चित्र असं नष्ट करण्याविरुद्धही दाद मागता येते. आपण लढू.”

“नको. लय लढलो.” मग खाली बघत म्हणाले, “दिग्याकडं एखादा फोटो आसंल तर मागा की. तिच्यापुरता. मला मागता यायचा न्हाई.”

गावकऱ्यांच्या मोबाइलात त्या भिंतीपुढचे सेल्फी होते, पण त्यात चित्र डोक्यांमागे झाकलेलं. घरोघरच्या कॅलेंडरांत चेहरे हरभऱ्याएवढे. एकेक चेहरा ओळखू येईल असा फोटो फक्त दिगंबरच्या मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेला होता. मी सरांच्या समोरच फोन लावला. समोरच्या माणसानं करार मोडलेला असू दे, असं मला वकिलीत पहिल्यांदाच वाटत होतं.

“न्हाई मॅडम,” दिगंबर म्हणाला. “तुमी लिवलं तसं समदं पुसलं. कंप्युटर, पेनड्राइव्ह, मोबाइल.”

“चुकून कुठे राहिला असेल. नीट बघ.”

“कालच बगितलं. भिंतीला चुना मारायलेत कळल्याबरूबर बगितलं. तागडी धरून बसलेले माझे बाबा व्हते त्याच्यात.”

फोन ठेवला. सरांना काही सांगावं लागलं नाही, माझ्या तोंडाकडे बघूनच ते उठले.

मी पक्षकारांना नेहमी बजावते की तडजोड कागदावर होते, समोरचा ती पुरती पाळेल असं धरून चालू नका. आजवर पुष्कळ तडजोडी लिहिल्या. अक्षर न् अक्षर पाळली गेली ती ही एकच.